सोसायटीच्या जुन्या पाइपलाइन बदलायच्या आहेत: कामाचा क्रम आणि खर्चाची विभागणी कशी ठरवावी?

नमस्कार. आमची सोसायटी ठाण्यात आहे. इमारत १९८७ सालची असून तळमजला अधिक चार मजले, दोन विंग आणि एकूण ४० सदनिका आहेत. पाण्याच्या आणि सांडपाण्याच्या सर्व उभ्या लाइन बदलण्यास वार्षिक सर्वसाधारण सभेने तत्त्वतः मंजुरी दिली आहे. आता कामाचा आराखडा विशेष सभेपुढे मांडण्याची जबाबदारी सचिव या नात्याने माझ्यावर आहे. ज्यांनी असे काम आपल्या इमारतीत करवून घेतले आहे किंवा ज्यांचा हाच व्यवसाय आहे, त्यांचे मार्गदर्शन हवे आहे.

गच्चीवरील टाकीतून खाली येणाऱ्या लाइन मूळच्या जीआयच्या (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाच्या) आहेत आणि संडास-मोरीच्या लाइन बिडाच्या, शिशाने जोडलेल्या आहेत. दिवाळीनंतर बी विंगच्या एका डक्टमधील (उभे पाइप नेण्यासाठी ठेवलेल्या पोकळीतील) इंची पाइप फुटला, तेव्हा प्लंबरने कापून काढलेला हातभर तुकडा मी मुद्दाम जपून ठेवला आहे. बाहेरून त्याचा रंग शाबूत आहे, पण आत गंजाचे थर चढत जाऊन जेमतेम करंगळी जाईल एवढीच पोकळी उरली आहे. त्याच लाइनवर पहिल्या मजल्यावर एक आजी एकट्या राहतात. सकाळी सातला वरच्या मजल्यांवरचे नळ सुटले की त्यांचा नळ कोरडा पडतो, म्हणून त्या पहाटे पाचला उठून बादल्या भरून ठेवतात. बिडाच्या लाइनची स्थिती याहून वाईट आहे. भिंतीकडच्या बाजूला, जिथे रंगाऱ्याचा ब्रश कधी पोहोचलाच नाही, तिथे उभ्या चिरा गेल्या आहेत आणि दोन जोडांमध्ये पिंपळाने मूळ धरले आहे.

इमारतीला ३० वर्षे उलटल्यामुळे आदर्श उपविधींप्रमाणे (गृहनिर्माण सोसायट्यांच्या नमुना नियमावलीप्रमाणे) दर ३ वर्षांनी संरचनात्मक तपासणी करावी लागते. यंदाच्या अहवालात आधी पाइप, मग गिलावा आणि शेवटी रंग, असा क्रम स्पष्ट दिला आहे. तरीही काही सभासदांचा आग्रह आधी रंगकाम उरकण्याचा आहे, आणि तो मला मुळीच पटत नाही, कारण नव्या रंगावर पुन्हा परांची बांधून छिन्नी चालवणे म्हणजे सभासदांचा पैसा पाण्यात घालणे होय.

माझी खरी अडचण मात्र डक्टमधील पाइपांची नाही. अडचण आहे ती नहाणी ट्रॅपपासून (मोरीच्या फरशीखालील, पाणी धरून दुर्गंधी अडवणाऱ्या भांड्यापासून) उभ्या लाइनपर्यंत जाणाऱ्या, स्लॅब आणि भिंत यांतून गेलेल्या दीड-दोन हात तुकड्याची. उपविधींनुसार बाहेरील पाण्याची लाइन आणि ड्रेनेज लाइन यांची दुरुस्ती सोसायटीच्या खर्चाने होते आणि सदनिकेच्या आतील काम सभासदाने स्वखर्चाने करायचे असते. हा तुकडा नेमका त्या दोन्हींच्या मधोमध येतो. चौदा-पंधरा सभासदांनी अलीकडेच बाथरूम नव्याने करून घेतले आहे आणि ते फरशी फोडू देण्यास तयार नाहीत. त्यांचा राग मला समजतो, पण जुना तुकडा तसाच ठेवून बाहेर नवी लाइन टाकली तर खालच्या घराच्या छतावरची ओल तशीच राहील. या तुकड्याचा खर्च आपल्याकडे कोणी उचलला? एकूण खर्च सर्वांवर समान वाटला की क्षेत्रफळानुसार? सर्व डक्ट एकदम हाती घ्यावेत की एकेक करून? पाण्याच्या लाइनसाठी पुन्हा जीआय घ्यावे की सीपीव्हीसी (प्लास्टिकचे पाइप)? जूनच्या पावसाआधी बाहेरचे काम संपवायचे आहे, म्हणून लवकर उत्तर मिळाल्यास आभारी राहीन.

प्रतिसाद:
मी या क्षेत्रात अनेक वर्षे साइटवर काम केले आहे. एका वेळी एकच डक्ट घ्या, पण घेतलेला डक्ट गच्चीपासून खाली जमिनीतील सांडपाण्याच्या चेंबरपर्यंत पूर्ण करा. खाली प्लास्टिक आणि वर बीड असे अर्धवट काम ठेवल्यास वरचा जड पाइप खालच्या जोडावर बसतो आणि तो जोड पहिल्या पावसाळ्यातच सुटू शकतो. सर्वांत खराब डक्ट आधी घ्या. त्यातून खरे मोजमाप हाती येते आणि पुढच्या डक्टचे दर रनिंग मीटरवर, म्हणजे पाइपच्या लांबीच्या प्रत्येक मीटरमागे, ठरवता येतात. ठोक रकमेचे कंत्राट देऊ नका. संडासाची लाइन तोडली की त्या रांगेतील पाचही घरांची सोय लावावी लागते, म्हणून तोडकाम सकाळी लवकर सुरू करून संध्याकाळपर्यंत तात्पुरती जोडणी देण्याची अट करारात लिहून घ्या.

सीपीव्हीसी गंजत नाही आणि गरम पाण्यालाही चालते, मात्र ते उष्णतेने बरेच वाढते. १५ मीटर उभ्या लाइनमध्ये तापमान २० अंशांनी बदलले तर लांबी सुमारे २० मिलिमीटर बदलते, त्यामुळे क्लॅम्प करकचून आवळू नयेत आणि उन्हात येणारा भाग रंगाने झाकावा. प्रत्येक घराच्या फाट्यावर बाहेरूनच बॉल व्हॉल्व्ह बसवा, म्हणजे एका घरातील दुरुस्तीसाठी सगळ्या रांगेचे पाणी बंद करावे लागणार नाही. संडासाच्या लाइनचे वरचे तोंड गच्चीच्या वर उघडेच राहिले पाहिजे. ते बंद केल्यास ट्रॅपमधील पाणी ओढले जाते आणि घरात दुर्गंधी येते.

एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही, म्हणून आवर्जून लिहितो. जुन्या इमारतींत गिझरच्या अर्थिंगची तार कित्येकदा पाण्याच्या लोखंडी पाइपला बांधलेली आढळते. तो पाइप प्लास्टिकचा झाला की अर्थिंग तुटते, आणि हे जिवावर बेतू शकते. काम सुरू करण्यापूर्वी सर्व ४० घरे इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या.

दुसरा प्रतिसाद:
आमच्या सोसायटीत, डोंबिवलीला, त्या मधल्या तुकड्याचा खर्च सोसायटीने उचलला आणि फरशी पूर्ववत करण्यासाठी प्रत्येक घराला सारखीच ठरावीक रक्कम दिली. महागडी फरशी असलेल्यांनी फरक स्वतः भरला. नियम काहीही म्हणो, यामुळे विरोध मावळला. दुरुस्ती निधीची किमान आकारणी उपविधींत सदनिकेच्या बांधकाम खर्चावर, वर्षाला ०.७५ टक्के अशी धरलेली आहे, म्हणून आम्ही मोठ्या घराला जास्त आणि लहान घराला कमी हेच तत्त्व या कामालाही लावले. सिंकिंग फंडाला (मोठ्या दुरुस्तीसाठी राखून ठेवलेल्या निधीला) हात लावायचा असेल, तर सभेचा स्वतंत्र ठराव करा.

धागाकर्ता:
दोघांचेही मनःपूर्वक आभार. अर्थिंगचा मुद्दा माझ्या ध्यानीमनी नव्हता. आज संध्याकाळी त्या फुटलेल्या पाइपच्या रांगेतील दोन घरांत इलेक्ट्रिशियनला सोबत घेऊन गेलो, तर पहिल्या मजल्यावरच्या आजींकडे हिरवी तार जीआय पाइपला गुंडाळलेली दिसली. ती बदलण्याचे काम उद्याच करून घेत आहे. विशेष सभेपुढे प्रथम त्याच डक्टचा प्रस्ताव ठेवतो आणि फरशीसाठी ठरावीक रक्कम देण्याची सूचनाही मांडतो. एक शंका उरली आहे: फरशी पुन्हा बसवण्यापूर्वी नव्या जोडांची चाचणी किती वेळ पाणी भरून ठेवून करवून घेतली, हे डोंबिवलीच्या सभासदांनी कृपया कळवावे.