लॅपटॉपची हार्ड डिस्क बदलतोय, तळाचं झाकण निघेना. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, जुन्या लॅपटॉपमधली अडीच इंची हार्ड डिस्क काढून साटा एसएसडी (त्याच साटा जोडणीची, फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क) बसवायची आहे. बॅटरी काढली, डीव्हीडी ड्राइव्ह बाहेर घेतला, रबरी पायांखाली लपवलेले स्क्रूही सापडले (कंपन्यांना हा लपंडाव कशाला हवा असतो देव जाणे). तरी बिजागरीच्या बाजूला झाकण घट्टच आहे. आधी कीबोर्ड उचलावा लागतो का? त्याच्या चपट्या केबलचं लॉक फार नाजूक असतं, म्हणून जोर लावायची हिंमत होत नाही.

दुसरं, जुनी डिस्क ९.५ मिमी जाड, नवी ७ मिमी. ब्रॅकेटला स्क्रूने नीट आवळली तर चालेल, की स्पेसर (जाडीतला फरक भरून काढणारी चौकट) लागेलच? पुण्यातल्या तपकीर गल्लीत (इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात) सुटा मिळतो का?

डेटा क्लोन केलाय. ‘दुकानात टाका’ हा सल्ला कृपया नको!