रिमोट बसवल्यापासून क्रेन एकाच जागी बंद पडते – मदत हवी आहे

मंडळी, मी मेंटेनन्सला आहे. आमच्या १० टनी ईओटी क्रेनचा (शेडच्या छताखाली रुळांवर धावणारी विजेची क्रेन) पेंडंट, म्हणजे केबलला लोंबणारा बटणांचा डबा, काढून ३ महिन्यांपूर्वी रेडिओ रिमोट बसवला. सुधारणाच झाली. आधी ऑपरेटरला लोंबत्या केबलमागे लोडला खेटून चालावं लागायचं. आता हुक आणि स्लिंग दोन्ही दिसतील अशा जागी लांब उभं राहता येतं. केबल आतून तुटून 'वर'चं बटण मरायचं, ते रडगाणंही संपलं.

पण लाँग ट्रॅव्हलमध्ये (अख्खी क्रेन शेडच्या लांबीने धावताना) पाचव्या-सहाव्या खांबाच्या मध्ये मेन कॉन्टॅक्टर (क्रेनची वीज जोडणारा-तोडणारा मुख्य स्विच) खटकन पडतो, ब्रेक लागतात आणि लोड हेलकावे खातो. काल ४ टनांची प्लेट होती. तिला हात लावून चालणारा हेल्पर उडी मारून बाजूला झाला म्हणून निभावलं. ४-५ सेकंदांनी स्टार्ट दाबला की परत सगळं सुरळीत.

बॅटरी बदलली, दुसरा ट्रान्समीटर पेअर करून पाहिला, अँटेना पॅनेलच्या पत्र्याबाहेर काढली. फरक शून्य. इलेक्ट्रिशियन म्हणतो, सिग्नल तुटल्यावर थांबायची वेळ वाढवू. मन धजत नाही.

प्रतिसाद १:
अजिबात वाढवू नका! सिग्नल गेला की क्रेनने आपणहून थांबायचं, यावरच तर रिमोटची सुरक्षितता उभी आहे. उद्या ऑपरेटर घसरून पडला, रिमोट आपटून फुटला, तरी तेवढा वेळ क्रेन चालत राहील. आणि हेल्परला टॅगलाइन (लोडला बांधून लांबून धरायची दोरी) द्या, लोडला हात कशाला लावायचा?

आता मुद्द्याचं. रेडिओचा दोष ऑपरेटर कुठे उभा आहे यावरही ठरतो. त्याला शेडच्या दुसऱ्या बाजूला उभं करा. क्रेनवरच्या रिमोट-रिसीव्हरसमोर मोबाईल व्हिडिओवर लावून पक्का बांधा, सगळे खाली उतरा आणि रिकाम्या हुकाने त्या जागेवरून क्रेन न्या. लिंकचा (रिमोटशी संपर्काचा) दिवा आधी जातो की पॉवरचा, एवढंच बघायचं.

धागाकर्ता:
केलं. ऑपरेटर कुठेही असो, जागा तीच. व्हिडिओत पॉवरचाच दिवा आधी विझतो, मग रिसीव्हर नव्याने सुरू होतो.

प्रतिसाद १:
मग रिमोट बिचारा निर्दोष. तिथला डीएसएलचा (क्रेनला वीज देणाऱ्या, रुळालगतच्या पट्ट्यांचा) जॉइंट आणि कलेक्टरचे शू (त्या पट्ट्यांवर घासत वीज घेणारे तुकडे) बघा. रिसीव्हरला ज्या फेजवरून वीज मिळते, तो तिथे क्षणभर सुटत असणार. इतक्या छोट्या खंडाने कॉन्टॅक्टर पडेलच असं नाही, पण रिसीव्हर रीसेट होतो. एकदा रीसेट झाला की स्टार्ट दिल्याशिवाय आउटपुट देत नाही, देऊही नये. पेंडंट असताना तिथे काही जाणवायचं का? जुन्या ऑपरेटरला विचारा.

धागाकर्ता:
विचारलं. म्हणाले, "तिथं ती कायम शिंकायची की! बटण सोडायचं नाही, आपोआप पुढं जाते." इतकी वर्षं कुणाला सांगितलं नाही, कारण काम अडत नव्हतं.

आज सप्लाय बंद करून, लॉक लावून वर चढलो. जॉइंटला एक पट्टी बाकीच्यांपेक्षा नखभर खाली बसलीय, कडा काळी पडलेली. त्याच फेजचा शू एका बाजूने झिजलाय. जॉइंट सरळ करून तिन्ही शू बदलतोय. थांबायच्या वेळेच्या सेटिंगला कुणी हात लावलेला नाही.