अ‍ॅस्ट्रोफोटोग्राफीचा महागडा नाद आणि इंजिनीअरिंगचं तिसरं वर्ष: दोन्ही निभवायचं कसं?

मृगशीर्ष_पुणे (प्रश्न)

नमस्कार मंडळी.

ई अँड टीसी (इलेक्ट्रॉनिक्स आणि टेलिकम्युनिकेशन), तिसरं वर्ष, पुणे विद्यापीठ, 2019 पॅटर्न. एम थ्री (इंजिनीअरिंग मॅथ्स तीन) अजून सुटलेला नाही, बाकी विषय क्लिअर आहेत. हजेरी 75 टक्क्यांच्या काठावर.

सामान सध्या एवढं: निकॉन डी5600, 18-55 किट लेन्स, 50 एमएम एफ 1.8, साधा ट्रायपॉड. पुढची यादी म्हणजे स्टार ट्रॅकर (आकाशाच्या वेगाने कॅमेरा फिरवणारं यंत्र, दुकानदाराने 45 हजारांच्या आसपास सांगितला) आणि नंतर छोटी रिफ्रॅक्टर (भिंगाची) दुर्बीण. ईएमआय घेऊन शिकवण्यांच्या पैशातून फेडायचा विचार आहे. त्यासाठी आठवड्याचे पाच दिवस संध्याकाळी दोन तास शिकवावं लागेल.

अडचण पैशांपेक्षा मनाची आहे. लॅबमध्ये बसलं की डिग्री कशासाठी करतोय हेच कळेनासं होतं, आणि रात्री मृग नक्षत्राचे फोटो स्टॅक करताना (एकावर एक रचून एक फोटो करताना) दोन कधी वाजतात ते समजत नाही. छंद सोडायचा नाही, डिग्रीही सोडायची नाही. वेळ, पैसा आणि अभ्यास यांची घडी कशी बसवावी? "मन लावून अभ्यास कर" सोडून काहीही सांगा.

---

व्याध

आधी वेळेचं बघू, कारण वेळ नेमका कुठे जातो याबद्दल बहुतेकांचा अंदाज चुकतो. आकाशाखाली महिन्यातून एखादीच रात्र जाते. खरा वेळ जातो तो नंतरच्या प्रोसेसिंगमध्ये आणि सामानाचे रिव्ह्यू बघण्यात. एका शनिवारच्या रात्रीमागे पुढच्या चार-पाच रात्री स्टॅकिंग, स्ट्रेचिंग (अंधुक भाग उजळणं), रंग जुळवणं, पुन्हा पहिल्यापासून स्टॅकिंग. सेमिस्टर खातं ते हे.

यावर उपाय सोपा आहे. रॉ फाइल (कॅमेऱ्यातली मूळ फाइल) शिळी होत नाही. फेब्रुवारीत घेतलेला डेटा जुलैत प्रोसेस केला तरी काही बिघडत नाही. आपल्याकडे जून ते सप्टेंबर आभाळ झाकलेलंच असतं, तेव्हा प्रोसेसिंगला पावसाळा ठेवायचा आणि टर्म चालू असताना फक्त डेटा गोळा करायचा. एक पथ्य मात्र पाळा. कॅलिब्रेशनच्या फ्रेम्स (कॅमेरा आणि लेन्सचे दोष नंतर काढून टाकायला लागणारे फोटो) त्याच रात्री घ्या:

– डार्क: लेन्सचं झाकण लावून, तोच आयएसओ, तेवढंच एक्स्पोजर, 20 फ्रेम्स. हवा जितकी गार असताना फोटो काढलेत तितकीच गार असताना, म्हणजे तिथेच.
– फ्लॅट: फोकस आणि अ‍ॅपर्चर न हलवता, लेन्सवर पांढरा टी-शर्ट ताणून लॅपटॉपच्या पांढऱ्या स्क्रीनसमोर, 20 फ्रेम्स.
– बायस: झाकण लावून सर्वांत वेगवान शटरवर, 20 ते 30.

फ्लॅट राहून गेले की कडांचा काळोख आणि सेन्सरवरच्या धुळीचे डाग नंतर नीट निघत नाहीत, आणि मग तेच पुसण्यात रात्री जातात. साइटवरची ही वीस मिनिटं घरचे दोन दिवस वाचवतात. घरी आल्यावर फाइल्स तारखेच्या फोल्डरमध्ये टाकायच्या, दुसऱ्या डिस्कवर कॉपी करायची, लॅपटॉप बंद.

आता कॅलेंडर. अमावस्येच्या आगेमागे पाच-पाच रात्री उपयोगाच्या असतात. त्यातला एकच शनिवार धरायचा, आणि एन्डसेमच्या (सत्राअखेरच्या परीक्षेच्या) आधीच्या सहा आठवड्यांत तोही नाही. नोव्हेंबर-डिसेंबर आणि मे-जूनमध्ये परीक्षा धरल्या तर जानेवारी, फेब्रुवारी, मार्च हे तीन महिने मोकळे मिळतात, आणि आकाशही तेव्हाच सर्वांत चांगलं असतं. फेब्रुवारीच्या सुरुवातीला एम 42 (मृगातला तेजोमेघ) रात्री साडेनऊच्या सुमारास सर्वांत उंचीवर असतो, म्हणजे बारापर्यंत काम आटोपतं आणि रविवार हाताशी राहतो. आकाशगंगेचा गाभा मार्चच्या मध्यात पहाटे तीन-साडेतीनला बऱ्यापैकी वर येतो, त्याची रात्र मात्र पूर्ण जाते. मार्चची एक रात्र त्याच्यासाठी ठेवा आणि पुढचा रविवार झोपेसाठी सोडा. रविवारी अभ्यास करू असं मनाशी ठरवू नका, तो होत नाही आणि सोमवारी उगाच अपराधी वाटत राहतं.

परीक्षेच्या काळात आकाश अगदीच सुटू नये असं वाटत असेल तर गच्चीवरून रूपविकारी (तेज बदलणारे) तारे बघा. कॅमेरा नको, 10×50 ची द्विनेत्री पुरते. सेफियस तारकासमूहातला डेल्टा सेफी 5.37 दिवसांत 3.5 ते 4.4 प्रतीच्या दरम्यान बदलतो (आकडा लहान तितका तारा तेजस्वी). शेजारचे झीटा (3.4) आणि एप्सिलॉन (4.2) हे तुलनेचे तारे. दहा मिनिटांत अंदाज, वहीत नोंद, खाली येऊन पुस्तक. ऑक्टोबर ते डिसेंबर तो संध्याकाळीच सापडतो. अशा नोंदी एएव्हीएसओकडे (रूपविकारी ताऱ्यांच्या निरीक्षकांची अमेरिकन संघटना) पाठवता येतात, ही संस्था 1911 पासून हेच काम करते आहे.

---

दुर्बीणवाली

व्याध यांच्या वेळापत्रकाशी सहमत. मी पैशांबद्दल लिहिते.

ट्रॅकर 45 हजारांत आला म्हणजे खर्च संपला असं होत नाही. साध्या ट्रायपॉडवर तो डुलतो, म्हणून दणकट ट्रायपॉड. मग बॉलहेड, दवासाठी हीटर पट्टी, पॉवर बँक. दुर्बीण चढवली की ट्रॅकरची चूक टिपत राहणारे गाइड स्कोप आणि गाइड कॅमेरा. हे सगळं आधी कागदावर लिहून बेरीज करा आणि मगच ईएमआयचा विचार करा. "नो कॉस्ट" ईएमआयमध्येही प्रोसेसिंग फी लागते, आणि क्रेडिट कार्डावर असेल तर व्याजाच्या रकमेवर 18 टक्के जीएसटी जातो. त्याहून मोठी किंमत म्हणजे आठवड्याचे दहा तास. एम थ्री काढायला नेमके तेवढेच तास हवेत! वर्ष मागे पडलं तर एका वर्षाची फी आणि एका वर्षाचा पगार, दोन्ही गेले. महाडीबीटीची शिष्यवृत्ती असेल तर तिच्या नूतनीकरणालाही मागच्या वर्षाची गुणपत्रिका लागते. म्हणून आता ईएमआय घेऊच नका, असं माझं स्पष्ट मत आहे.

हातातल्या कॅमेऱ्याची ताकद अजून संपलेली नाही. ट्रॅकर नसताना 50 एमएमवर 500 चा नियम (500 भागिले फोकल लेंग्थ, म्हणजे तारे न ओढले जाता चालणारे सेकंद) लावला तर 500 ÷ 75 (छोट्या सेन्सरमुळे 50 × 1.5) म्हणजे साडेसहा सेकंद येतात, पण 24 मेगापिक्सेलच्या सेन्सरवर तेवढ्यात तारे लांबट दिसतात. 4 सेकंद ठेवा. एफ 2.8, आयएसओ 1600, कॅमेऱ्यातलाच इंटरव्हल टायमर. 600 फ्रेम्स म्हणजे 40 मिनिटांचा प्रकाश आणि साधारण 15 जीबी. सिग्नल-नॉइजचं (खरा प्रकाश आणि दाणेदारपणा यांचं) गुणोत्तर फ्रेम्सच्या वर्गमुळाच्या पटीत सुधारतं, म्हणजे 600 फ्रेम्सना सुमारे 24 पट. आकाश तासाला 15 अंश सरकतं, तेव्हा दर 15 मिनिटांनी फ्रेम पुन्हा मध्यावर आणा. स्टॅकिंगला सिरिल किंवा डीपस्कायस्टॅकर, दोन्ही फुकट आहेत.

एक सावधगिरी. मृगातला बर्नार्ड लूप (वायूचा कमानीसारखा पट्टा) लाल दिसत नाही म्हणून ट्रॅकर घेणार असाल तर थांबा. 656 नॅनोमीटरचा हायड्रोजन-अल्फा प्रकाश कॅमेऱ्याच्या आतलाच फिल्टर बराचसा अडवतो. ट्रॅकर घेतल्याने तो वाढणार नाही.

आणि ट्रॅकर हवाच असेल तर बनवा. बार्न डोअर ट्रॅकर म्हणजे 12 मिमी प्लायच्या दोन फळ्या, एक घट्ट बिजागरी, एम6 चा आटे पाडलेला रॉड (पिच, म्हणजे एका फेऱ्यातली चाल, 1 मिमी), 28बीवायजे-48 स्टेपर (टप्प्याटप्प्याने फिरणारी) मोटर, यूएलएन2003 ड्रायव्हर आणि आर्डुइनो नॅनो (छोटा मायक्रोकंट्रोलर बोर्ड). हजार-दीड हजारांत होतं. बिजागरीच्या पिनेपासून रॉडच्या मध्यापर्यंत अंतर 228.6 मिमी ठेवलं की रॉड मिनिटाला एक फेरा फिरून आकाशाचा वेग गाठतो. तिसऱ्या वर्षाच्या मिनी प्रोजेक्टला हे चपखल बसतं: मायक्रोकंट्रोलर, मोटर ड्राइव्ह, त्रुटीचा आलेख, सगळं अभ्यासक्रमातलं. छंदाचे तास आणि सबमिशनचे तास एकाच खात्यात पडतात.

पावसाळ्यात लेन्सला बुरशी लागू देऊ नका, नवीन लेन्सचा खर्च तिथूनच उभा राहतो. हवाबंद डबा, छोटा हायग्रोमीटर, सिलिका जेल, आर्द्रता 40 ते 50 टक्के. तांदळाचा डबा नको, त्याची पूड फोकस रिंगमध्ये जाते.

---

सप्तर्षी

तू विचारलेला मूळ प्रश्न राहिला: डिग्री कशासाठी?

नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. 45 मीटर व्यासाच्या 30 डिश. फीड, लो नॉइज अ‍ॅम्प्लिफायर, फिल्टर, ऑप्टिकल फायबर, एडीसी आणि शेवटी कोरिलेटर, अशी त्यातली साखळी आहे. यातला जवळजवळ प्रत्येक शब्द तुझ्या सिलॅबसमध्ये आहे. कोरिलेटरमध्ये प्रत्येक डिशच्या सिग्नलचा आधी फोरियर ट्रान्सफॉर्म काढतात आणि मग जोडीजोडीने गुणाकार करतात. एम थ्रीचं दुसरं युनिट तिथे रोज चालू असतं. जमलं तर 28 फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाच्या सुमाराला तिथलं प्रदर्शन बघून ये. लॅबमध्ये बसल्यावर समोरच्या सर्किटचा आकाशाशी काय संबंध, हे मग वेगळं समजवावं लागणार नाही.

आता अटी बघ, कारण त्या आकड्यांत आहेत. इस्रोच्या सायंटिस्ट/इंजिनीअर 'एससी' (हे पदश्रेणीचं नाव) पदाच्या जाहिरातींत प्रथम वर्गासह सरासरी 65 टक्के किंवा 10 पैकी 6.84 सीजीपीए मागतात. आयुका-एनसीआरएच्या (पुण्यातल्या खगोलशास्त्राच्या दोन संस्था) पीएचडीला बीई झालेलेही अर्ज करू शकतात. पदवी चालू असतानाच करता येण्यासारखं म्हणजे डिसेंबरमधलं रेडिओ अ‍ॅस्ट्रॉनॉमी विंटर स्कूल, जे एनसीआरए आणि आयुका मिळून घेतात, आणि होमी भाभा केंद्राचा एनआययूएस (पदवीच्या विद्यार्थ्यांसाठीचा विज्ञान उपक्रम). दोन्हींची त्या वर्षीची पात्रता नीट वाच आणि तारखा आत्ताच कॅलेंडरमध्ये टाक. सहा महिन्यांवरचा एखादा अर्ज डोळ्यांसमोर असला की अभ्यासाला जोर येतो. चार वर्षांनंतरच्या नोकरीने तो येत नाही.

एम थ्रीचा हिशेब असा. एन्डसेम 70 गुणांची, चार युनिट, प्रत्येकी 17-18. न्यूमरिकल मेथड्स आणि कॉम्प्लेक्स व्हेरिएबल्स पूर्ण केले की 35 गुण हातात येतात, पासिंग 28. त्यावर व्हेक्टर डिफरन्शियलची ग्रेडियंट, डायव्हर्जन्स, कर्ल, डायरेक्शनल डेरिव्हेटिव्ह एवढी गणितं. रोज सकाळी कॉलेजच्या आधी 50 मिनिटं, रोज चार गणितं, जुन्या पेपरमधली, उत्तर न बघता. न्यूमरिकलमध्ये गुण कुठे जातात तेही बघून ठेव: कॅल्क्युलेटर डिग्री मोडवर राहतो आणि साइन-कॉसचं इंटिग्रेशन सगळं चुकतं. सिम्पसनच्या एक-तृतीयांश नियमाला भागांची संख्या सम लागते, ती विषम घेतली जाते. रुंगे-कुट्टात के-टू काढताना वाय मध्ये के-वनचा अर्धा मिळवायचा राहतो. संकल्पना कळलेली असूनही माणूस इथेच नापास होतो.

दुर्बीणवालींच्या एका मुद्द्यावर माझं मत वेगळं आहे. मिनी प्रोजेक्ट म्हणून ट्रॅकर छान, पण शेवटच्या वर्षाचा मोठा प्रोजेक्टही आकाशाचाच घेऊ नकोस. ग्रुपमधल्या बाकीच्यांना त्यात रस नसला की सगळा भार एकट्यावर पडतो, आणि डेटा ऐन पावसाळ्यात लागला तर मिळत नाही. काही गोष्टी मार्कांपासून लांब राहिलेल्याच बऱ्या.

---

मृगशीर्ष_पुणे

सगळ्यांचे मनापासून आभार. ईएमआय रद्द. शिकवण्या फक्त शनिवारी दुपारी, अमावस्येचा शनिवार सोडून. बार्न डोअर मिनी प्रोजेक्ट म्हणून सुचवतो, ग्रुपमधले दोघे तयार आहेत.

दुर्बीणवाली ताई, दोन शंका. मोटरला कोडमध्ये किती वेग द्यायचा? आणि ध्रुवतारा पुण्यातून साडेअठरा अंशांवरच असतो, शिवाय खऱ्या ध्रुवबिंदूपासून थोडा बाजूला. पोलर स्कोपशिवाय (ध्रुवाकडे नेमकं रोखायची छोटी दुर्बीण) चालेल का?

---

दुर्बीणवाली

50 एमएमला चालेल. ध्रुवतारा खऱ्या ध्रुवापासून साधारण पाऊण अंशाच्या आत आहे. त्यामुळे मिनिटाभराच्या एक्स्पोजरमध्ये जास्तीत जास्त 10 आर्कसेकंदांची (आर्कसेकंद म्हणजे अंशाचा 3600 वा भाग) घसरण होते, आणि तुमच्या कॅमेऱ्यावर 50 एमएमला एक पिक्सेलच 16 आर्कसेकंदांचा आहे. बिजागरीला समांतर एक स्ट्रॉ चिकटवा आणि त्यातून ध्रुवतारा बघा. 200 एमएमला मात्र हे पुरणार नाही, तारे अडीच पिक्सेल ओढले जातील. जागा निवडताना उत्तरेला डोंगर नको, वेल्ह्याकडे गेलात तर दिवसाउजेडीच बघून ठेवा. ध्रुवाकडे तोंड केल्यावर बिजागरी डाव्या हाताला हवी, उलटी लावली तर फळी आकाशाच्या विरुद्ध फिरते.

मोटरचा गिअर 1:64 सांगतात, प्रत्यक्षात तो 63.68 आहे. म्हणजे फेऱ्याला 4096 नव्हे, सुमारे 4076 हाफ-स्टेप्स (मोटरचे अर्धे टप्पे). दोन स्टेप्समध्ये 14,720 मायक्रोसेकंद ठेवा. त्यासाठी आर्डुइनोचं डिले (थांबवणारं) फंक्शन वापरू नका, बाकीच्या कोडचा वेळ त्यात मिळत जातो आणि वेग हळूहळू कमी पडतो. मायक्रोस या वेळ सांगणाऱ्या फंक्शनने मोजा. मोटरचे 5 व्होल्ट आर्डुइनोच्या पिनवरून घेऊ नका, पॉवर बँकेवरून थेट ड्रायव्हरला द्या आणि ग्राउंड दोन्हींचा एकत्र जोडा.

रॉड सरळ असल्यामुळे 20 मिनिटांनंतर वेगातली चूक वाढू लागते. तोवर 20 मिमी रॉड पुढे गेलेला असेल. तिथे थांबून मोटर उलटी दहापट वेगाने फिरवा, दोन मिनिटांत फळी मूळ जागी येते. हाच त्रुटीचा आलेख रिपोर्टमध्ये घाला: आडव्या अक्षावर मिनिटं, उभ्यावर आर्कसेकंद. दहाव्या मिनिटाला सुमारे 6 आणि विसाव्याला सुमारे 46 यायला हवेत. याहून फार वेगळे आले तर आधी 228.6 चं अंतर पुन्हा मोजा, आणि ते फळीच्या कडेपासून नव्हे, पिनेच्या मध्यापासून.