पीएचसीचा पैसा मार्चात धो धो, जूनमध्ये ठणठणाट, असं का?

जांबोटी_रोड
नमस्कार मंडळी. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका पीएचसीच्या (प्राथमिक आरोग्य केंद्राच्या) आरोग्य रक्षा समितीवर यंदा मला घेतलंय. माझं हार्डवेअरचं दुकान, सरकारी हिशेबाचा गंध नाही. पहिल्याच मीटिंगला वही पुढ्यात आली, नडावळी (मीटिंगची नोंद) सगळी कन्नडात, ती मी सावकाश वाचतो पण आकडे बघून गरगरलंच. वर्षाचा निम्म्याच्या वर खर्च फेब्रुवारी-मार्चात, तोही खुर्च्या, कपाट, पडदे. आणि पाऊस लागला की छत गळतंय, लाईट गेली की लसीचा फ्रीज चालवायला सिस्टर पदरच्या पैशानं डिझेल आणूलाल्यात. डॉक्टर म्हणतात निधी कमी. मला वाटतंय कमी असेलही, पण येतोय भलत्या वेळी आणि जातोय भलत्या कामाला. माझं चुकतंय काय?

रिटायर्ड_एफडीए
चुकत नाही की हो. आधी एक समजून घ्या, डॉक्टर-सिस्टरचा पगार या वहीत येतच नाही आणि औषधंही बहुतेक बेंगळुरूच्या मेडिकल सप्लाईज कॉर्पोरेशनकडून मालाच्या रूपानं येतात, त्यामुळं समितीच्या हातात उरतो तो छोटा तुकडा. मी एफडीए, म्हणजे सरकारी क्लार्क, होतो त्या वेळी, एनआरएचएम (केंद्राचं ग्रामीण आरोग्य मिशन) २००५ ला सुरू झालं त्यानंतर, पीएचसीला २५ हजार अनटाइड (कशाला वापरायचे ते वरनं न ठरवलेले), ५० हजार मेंटेनन्स आणि १ लाख समितीचे, असे वर्षाला पावणेदोन लाख. यातनं पगार द्यायचा नाही, गाडी घ्यायची नाही.

आता मार्चचं कोडं. पैसा हप्त्यानं येतो, केंद्राचा ६० टक्के, राज्याचा ४०. पुढचा हप्ता मागायचा तर आधीच्याचं युटिलायझेशन सर्टिफिकेट (पैसे खर्च झाल्याचा दाखला) लागतं, आणि ते लटकतं कशापायी तर कुठल्यातरी उपकेंद्राची दोन व्हाउचरं सापडत नाहीत म्हणून. सगळी मोळी तालुक्याला, तिथनं जिल्ह्याला, अन् एकाचा उशीर सगळ्यांना भोवतो. मग हप्ता जानेवारीत येतो, ३१ मार्च तोंडावर, छताचं काम इतक्यात कोण करणार, कपाट मात्र दोन दिवसात येतं! २०२१ पासून एसएनए (सिंगल नोडल एजन्सी, योजनेचं राज्यात एकच खातं) आल्यावर खाली रक्कम पडून राहात नाही, फक्त लिमिट मिळते, पण व्हाउचरचा आळस तोच.

तुम्ही दुकानदार आहात नव्हे, मग उधारीची वही ठेवा. कॅशबुकात दिलेले पैसे दिसतात, कबूल केलेले दिसत नाहीत. ऑगस्टमध्ये प्लंबर बोलावला, बिल डिसेंबरात आलं, मधल्या चार महिन्यात वही म्हणते शिल्लक आहे आणि कोणतरी पडदे घेऊन मोकळा. ऑर्डर दिली त्याच दिवशी रक्कम लिहायची आणि शिलकेतनं वजा धरायची. आणि एप्रिलच्या मीटिंगलाच ठराव करा, इतकं डिझेलला राखीव, इतकं छताला, त्याला हात लावायचा नाही.

औषधाच्या_खिडकीवरून
अण्णांचं पटलं पण एक सांगतो, मी फार्मासिस्ट आहे. पैसा जिरतो तो औषधात, आणि तो तुमच्या वहीत दिसत नाही म्हणून कुणी विचारतही नाही. इंडेंट (औषधाचं मागणीपत्र) भरताना गेल्या वर्षीचा खप बघतात. समजा एक औषध वर्षात ९०० गेलं, पण तीन महिने ते स्टॉकमध्येच नव्हतं, तर खरी गरज महिन्याला १०० म्हणजे १२०० ची. कागदावर ९०० दिसतं, तेवढंच मागतात, पुढच्या वर्षी परत तुटवडा, मग समितीच्या पैशातनं बाहेरच्या मेडिकलमधनं महाग घ्यायचं. उलट दुसरीकडं खोकल्याच्या बाटल्या एक्सपायर होऊन पडल्यात. ज्याची एक्सपायरी जवळ तो माल पुढं लावायचा, एवढंसुद्धा काही ठिकाणी होत नाही हो. समितीनं दर महिन्याला दोनच आकडे मागावेत, कुठलं औषध किती दिवस नव्हतं आणि तीन महिन्यात काय एक्सपायर होणार. सर्पदंशाचं इंजेक्शन आणि कुत्रं चावल्यावरची लस यांना मात्र कंजूषी नको, आपल्या जंगलपट्ट्यात तर नकोच.

निपाणी_नाका
सगळं खरं, पण कंट्रोल म्हणजे खर्चच न करणं असा अर्थ लावणारेही बघितलेत मी. एका ठिकाणी साहेब शिल्लक दाखवून खूष, आणि बाळंतिणींना साधं गरम पाणी नाही. मग लोक कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी दवाखान्याला जाऊलालेत, गाडीभाडं स्वतःचं. २०२३ ला महाराष्ट्रानं सीमाभागातल्या ८६५ गावांना फुले योजना (फुकट उपचाराची आरोग्य योजना) द्यायचं ठरवलं ते ठीक, पण ऑपरेशनला जायला तिकडं, तापाला पण तिकडंच जायचं काय?

जांबोटी_रोड
सगळ्यांचे आभार. अण्णा, उधारीची वही कालच काढली, सिस्टरना विचारून जुन्या ऑर्डरी लिहिल्या तर शिलकेपेक्षा देणं जास्त निघालं, डॉक्टर पण बघतच राहिले. दोन गवंड्यांकडून छताचं कोटेशन घेतोय. माझ्या दुकानचे पत्रे मात्र द्यायचे नाहीत ठरवलंय, उगाच बोंब नको. सिस्टरनी डिझेलला घातलेले पैसे मागच्या तारखेचे आहेत, पावत्या अर्ध्याच आहेत, ते त्यांना परत कसे देता येतील?

रिटायर्ड_एफडीए
पावती आहे तेवढे समितीत ठराव करून द्या. बाकीच्याला जनरेटरचं लॉगबुक आहे काय बघा, तास लिहिलेले असतील तर ते जोडून मीटिंगपुढं ठेवा. लॉगबुकच नसेल तर अवघड आहे, आजपासून चालू करा.