मदत हवी आहे: ‘हाउस ऑफ सँड अँड फॉग’वरून आमच्यात दोन तट पडलेत

मंडळी, आम्ही राजारामपुरीतल्या सात-आठजणी महिन्याला एक पुस्तक वाचतो. यावेळी ही १९९९ ची कादंबरी घेतली. कॅलिफोर्नियातल्या कॅथीचं घर तिला लागूच नसलेल्या कराच्या थकबाकीपोटी लिलावात जातं. इराणमधून परागंदा झालेला कर्नल बेहरानी ते रीतसर विकत घेतो. चूक सरकारी कचेरीची आणि उद्ध्वस्त होतात दोघंही.

निम्म्याजणी म्हणतात, आलेली पत्रं कॅथीने उघडलीच नाहीत, मग बोल कुणाला लावायचा? बाकीच्यांना कर्नलचा हट्ट सोसवत नाही. मला मात्र, दिवसभर रस्त्यावरचा कचरा उचलून घरी जाण्याआधी सूट चढवणारा तो माणूस सुटतच नाही.

एकीच्या सासरी वाड्याच्या वाटणीचा दावा चालू आहे. बोलता बोलता ती उठूनच गेली, चहा तसाच राहिला.

रविवारी पुन्हा बसतोय, बोलायला सुरुवात मलाच करायची आहे. ती दुखावणार नाही अशी कुठून करू? आणि वकील मंडळी, आपल्याकडे घरफाळ्याच्या चुकीच्या थकबाकीत घराचा लिलाव झाला, तर प्रामाणिकपणे घेणाऱ्याचं काय होतं?