जाड तांब्यानं भागत नाही
‘अतिशक्तिशाली विद्युतचुंबकाच्या वेटोळ्याला तांब्याचीच तार जाड घेतली तर काय बिघडतं?’ असं कुणीतरी विचारलंय. हिंगणा एमआयडीसीत आमचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे, मे महिन्यात नुसती कूलरच्या जळक्या मोटारींची रांग. वाइंडिंग वायर हातानं जरा जोरात ओढली तरी लांबते, इतकी मऊ! ६० टेस्लाच्या (टेस्ला म्हणजे चुंबकी क्षेत्राची ताकद मोजायचं एकक) चुंबकात वेटोळ्याला बाहेर रेटणारा दाब १ गिगापास्कलच्या, म्हणजे हवेच्या दाबाच्या सुमारे दहा हजार पटीच्या, वर जातो. जाडी वाढवली की वेटोळंच फुगतं, वीजही जास्त खातं.

म्हणून तांब्यात नायोबियम हा धातू घालतात. ते तांब्यात जवळपास विरघळतच नाही. तार डायमधून, म्हणजे बारीक भोकाच्या साच्यातून, पुन्हापुन्हा ओढली की नायोबियमचे केसाहून कितीतरी बारीक तंतू होतात आणि तेच तारेला बळकटी देतात. वीज मात्र तंतूंच्या मधल्या शुद्ध तांब्यातूनच धावते. अमेरिकेतल्या लॉस अलामोस प्रयोगशाळेनं २०१२ मध्ये १०० टेस्ला गाठले ते अशाच तारेवर, अर्थात मिलिसेकंदांपुरते.