हाताने परागीकरण करून वनस्पती वाचते, पण तिचं फूल वाचतं का?

पर्णभार (धागालेखक)

दुर्मीळ वनस्पतींच्या संवर्धनाचे आराखडे साधारण एकाच क्रमाने जातात. बिया गोळा करायच्या, बीजपेढीत ठेवायच्या, रोपवाटिकेत रोपं वाढवायची, फुलांवर कुंचला फिरवून बी धरवायचं आणि मग रानात लागवड करायची. परागवाहकाचं, म्हणजे पराग पोचवणाऱ्या कीटक-पक्ष्यांचं नाव शेवटच्या परिच्छेदात, निधी उरला तर. हा क्रम उलटा असायला हवा असं माझं ठाम मत आहे.

परागवाहक गेला की फूल आहे तसं राहत नाही. पॅरिसच्या आसपासच्या शेतांत वाढणाऱ्या व्हायोला आर्व्हेन्सिस या रानटी पॅन्सीच्या 1990च्या दशकातल्या आणि 2001 सालच्या बिया जपून ठेवलेल्या होत्या. त्या 2021मध्ये गोळा केलेल्या बियांबरोबर, एकाच परिस्थितीत वाढवल्या. नव्या पिढीची फुलं सुमारे 10 टक्के लहान निघाली, मकरंद 20 टक्क्यांनी कमी आणि स्वपरागण (स्वतःच्याच परागांनी बी धरणं) 27 टक्क्यांनी वाढलेलं. बंबलबी या मोठ्या, केसाळ मधमाश्यांनीही जुन्या वाणालाच पसंती दिली. जेमतेम 20 ते 30 वर्षांतला हा बदल आहे.

ब्रॅसिका रापा या मोहरीच्या कुळातल्या झाडावरचा 2017चा प्रयोग तर आणखी थेट आहे. एका गटाचं परागीकरण फक्त बंबलबींकडून, दुसऱ्याचं फक्त होव्हरफ्लाय माश्यांकडून. नऊ पिढ्यांत बंबलबींचा गट उंच आणि अधिक सुवासिक झाला, फुलांतून अतिनील किरणांचं परावर्तनही वाढलं. माश्यांच्या गटातली झाडं बुटकी राहिली, वास घटला, आपलं आपण बी धरण्याची क्षमता वाढली.

कुंचला रंग पाहत नाही, वास घेत नाही. त्याच्या हाताखाली बिनवासाच्या, मकरंद नसलेल्या फुलालाही तेवढंच बी धरतं. फूल ज्या निवडीतून घडलं, तीच आपण काढून घेतो. म्हणून पहिला खर्च परागवाहकावर व्हावा: घरटी करायला उघडी माती, पोकळ काटक्या, अळ्यांच्या खाद्यवनस्पती, आणि रात्री उडणाऱ्यांसाठी अंधार.

बीजांकुर

पुरावे बरोबर आहेत, पण त्यातून काढलेला प्राधान्यक्रम मला पटत नाही. झाडाला बी धरत नाही म्हणजे परागवाहक नाही, हे गृहीत फार महागात पडतं.

अमेरिकेत इलिनॉयमधल्या लेकसाइड डेझीचं उदाहरण घ्या. तिथल्या शेवटच्या उरलेल्या झाडांना 15 वर्षं बी धरलं नाही. मधमाश्या येत होत्या, परागही पोचत होते. अडचण अशी की ही जात स्वतःचे, तसंच आपल्याच अनुरूपता-गटातल्या (एकमेकांच्या परागांनी बी न धरणाऱ्या) झाडांचे पराग नाकारते, आणि उरलेली सगळी झाडं एकाच गटातली होती. ओहायोतल्या झाडांशी संकर केल्यावर बी धरलं. तिथे कितीही घरटी उभारली असती तरी एक बी मिळालं नसतं. तिथे लागणार होता तो परका पराग आणि माणसाचा हात.

दुसरं, 1994च्या एका आढाव्यात 258 जातींपैकी 62 टक्के जातींत परागांची कमतरता कधी ना कधी, कुठे ना कुठे दिसली. उरलेल्या 38 टक्क्यांचं काय? बी भरपूर आणि रोपटं एक नाही, अशीही कितीतरी ठिकाणं असतात, कारण उगवायला मोकळी जमीन नाही, वणव्याचं चक्र बदललंय किंवा चराई जास्त आहे.

आणि फूल फक्त परागवाहकच घडवतो हेही खरं नाही. रानमुळ्याच्या पाकळ्यांचा रंग ठरवणारी रंगद्रव्यं पानं खाणाऱ्या किड्यांवरही परिणाम करतात. मधमाश्यांना आवडणाऱ्या पिवळ्या-पांढऱ्या फुलांच्या झाडांवर किडेही जास्त पोसतात. दोन्ही दाब एकाच गुणावर पडतात.

कुक्षी

दोघांच्याही बाजूने बोलण्याआधी मोजायला हवं, आणि मोजणीतच सर्वाधिक चुका होतात.

किमान 20 ते 30 झाडं घ्या. काही फुलं खुली सोडायची. काही कळी असतानाच नायलॉनच्या बारीक जाळीत बांधायची. यातून स्वपरागणाची क्षमता कळते. काही बांधून त्यांना त्याच झाडाचे पराग द्यायचे, काहींना दूरच्या झाडांचे, आणि शेवटचा गट खुला ठेवून वर जादा परके पराग द्यायचे. परागांच्या कमतरतेचा निर्देशांक: एक वजा (खुल्या फुलांतली बीजधारणा भागिले जादा पराग दिलेल्या फुलांतली). शून्याजवळ आला तर परागवाहकावरचा खर्च थांबवा. दूरचे पराग दिल्यावर बी धरतं आणि खुल्या फुलांत धरत नाही, एवढ्यावरून मात्र कीटक नाहीत असं म्हणता येत नाही. बीजांकुर यांच्या डेझीत नेमकं तेच दिसलं असतं. त्यासाठी खुल्या फुलांच्या कुक्षीवर, म्हणजे पराग झेलणाऱ्या टोकावर, पराग पडलेत का, ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहावं लागतं.

चुका कुठे होतात? झाडावरच्या दोन-चार फुलांनाच जादा पराग दिले तर झाड आपलं अन्न त्या फळांकडे वळवतं आणि कमतरता आहे त्यापेक्षा मोठी दिसते. शक्य असेल तिथे पूर्ण झाडावर प्रयोग करा. जाळी पाकळ्यांना टेकली तर वाऱ्याने पराग कुक्षीवर घासले जातात. जाळीची वीण मोठी असेल तर फुलकिडे आत शिरतात. संकरासाठी परागकोश (पराग असलेल्या पिशव्या) फुटण्याआधी काढावे लागतात, उशीर झाला की निकाल बिघडला. कुक्षी ग्रहणक्षम आहे का ते 3 टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडच्या थेंबाला बुडबुडे येतात का यावरून कळतं, पण कुक्षी चिरडली असेल किंवा तिच्यावर आधीच पराग असतील तरी बुडबुडे येतात. आणि एकाच हंगामावर निष्कर्ष नको. पावसाळी वर्षात कीटक कमी उडतात.

सांजपतंग

कुक्षी यांची पद्धत उत्तम आहे, पण दीर्घायुषी झाडांत ती आपत्ती उशिरा दाखवते. न्यूझीलंडच्या उत्तर बेटावरचं ऱ्हॅब्डोथॅम्नस हे झुडूप पक्ष्यांवर अवलंबून. मुख्य भूमीवरून त्याचे दोन पक्षी 1870च्या सुमारास नाहीसे झाले. शेजारच्या बेटांवरच्या पक्षी-अभयारण्यांशी तुलना केल्यावर मुख्य भूमीवर दर फुलामागे बिया 84 टक्क्यांनी आणि लहान रोपटी 55 टक्क्यांनी कमी निघाली. अभ्यास 2011चा, म्हणजे पक्षी गेल्यावर जवळपास 140 वर्षांनी. मोठी झुडपं उभी दिसतात तोवर तुटवड्याकडे कुणाचंच लक्ष जात नाही.

पॅन्सी वर्षभरात पिढी बदलते, स्वपरागणाकडे वळू शकते. 30 वर्षांनी फुलणाऱ्या झाडाला तेवढी सवड नाही. 2021च्या एका जागतिक अंदाजानुसार परागवाहक पूर्ण नाहीसे झाले तर एक तृतीयांश सपुष्प वनस्पतींना बीच धरणार नाही आणि निम्म्या जातींची बीजनिर्मिती 80 टक्के किंवा त्याहून जास्त घटेल.

बीजांकुर

मग जागा भरून निघण्याचं काय? हवाईतल्या फ्रेसिनेशिया आर्बोरिया या वेलीचे मूळ परागवाहक पक्षी नामशेष झाले. संग्रहालयातल्या त्यांच्या नमुन्यांवर या वेलीचे पराग सापडले. आज तेच काम बाहेरून आलेला जपानी व्हाइट-आय हा पक्षी करतो आणि वेल टिकून आहे.

उत्क्रांतीतही परागवाहक बदललेत. कोलंबाइन या फुलझाडाच्या मकरंदनळ्या टप्प्याटप्प्याने लांबल्या, तेही मधमाशीकडून हमिंगबर्डकडे आणि तिथून हॉकमॉथ या लांब सोंडेच्या पतंगाकडे बदल होताना. आज दिसणारं फूल म्हणजे शेवटचा मुक्काम मानून ते गोठवायचा आग्रह का?

पर्णभार

कोलंबाइनचा प्रत्येक टप्पा कुणीतरी वन्य परागवाहक हजर होता म्हणून झाला. माझी मागणी फूल गोठवायची नाही, निवड चालू ठेवायची आहे.

बदली चालेल का हे मापांवर ठरतं. मादागास्करच्या अँग्रेकम सेस्क्विपेडेल ऑर्किडची मकरंदनळी सुमारे 30 सेंटिमीटर लांब. तेवढ्या सोंडेचा पतंग असला पाहिजे असं डार्विनने 1862मध्ये लिहिलं, तो पतंग 1903मध्ये वर्णन झाला. आखूड सोंडेचा पाहुणा तिथे मकरंदापर्यंत पोचतच नाही. प्लॅटँथेरा ऑर्किडच्या नळ्या कृत्रिमरीत्या आखूड केल्याचा 1988चा प्रयोग पाहा. पतंगाला चेहरा फुलात खुपसावा लागला नाही, आणि पराग देणं-घेणं दोन्ही घटलं. फुलावर बसणारा प्रत्येक कीटक परागवाहक नसतो. अस्पर्शित फूल उघडायचं, एकच भेट होऊ द्यायची आणि लगेच कुक्षीवरचे परागकण मोजायचे, तेव्हाच खरा कामकरी ओळखता येतो.

पाळीव मधमाश्यांच्या पेट्या आणून ठेवणं ही सर्वांत वाईट बदली. स्पेनच्या टेनेरीफ बेटावरच्या तेइदे राष्ट्रीय उद्यानातल्या 2019च्या अभ्यासात पेट्या आल्यावर वन्य परागवाहकांची विविधता घटली आणि झाडांच्या बीजधारणेवरही वाईट परिणाम झाला.

कुक्षी

पेट्यांबाबत पूर्ण सहमत. हाताने परागीकरण टाळता येत नसेल तर निदान हानी कमी करता येते. प्रत्येक मातृझाडाकडून सारख्याच संख्येने बिया घ्या. भरपूर फुलणाऱ्या दोन झाडांच्याच बियांनी पेढी भरते, हा नेहमीचा दोष. एका मातेला अनेक पित्यांचे पराग द्या, पण वेगवेगळ्या फुलांवर, चिठ्ठी लावून. सगळे पराग एकत्र मिसळले तर वेगाने वाढणारी परागनलिका जिंकते आणि बाकीचे पिते गळतात. रोपवाटिकेत दोन-तीन पिढ्यांहून जास्त थांबू नका.

सांजपतंग

लागवडीची जागा निवडतानाच परागवाहक तपासता येतो. पश्चिम ऑस्ट्रेलियातली ड्रॅकिया ऑर्किडं मादी गांधीलमाशीच्या गंधाची आणि रूपाची नक्कल करतात. दांड्यासकट तोडलेलं फूल संभाव्य जागेवर ठेवायचं. नर असतील तर पहिल्या काही मिनिटांतच येतात. नंतर फसलेले नर ती जागा टाळतात, म्हणून फूल उचलून पुढच्या ठिकाणी न्यायचं. उबदार, वारा नसलेल्या दिवशीच करायचं, नाहीतर माशी असूनही नाही अशी नोंद होते. रोप लावण्याआधी हे झालं तर वर्षांचे श्रम वाचतात.

बीजांकुर

ही तपासणी मला पूर्ण मान्य, लावणीआधी ती सक्तीचीच असावी. पण त्याच ड्रॅकियाला उगवायला मातीतली विशिष्ट बुरशी लागते, आणि त्या गांधीलमाशीच्या अळ्या मातीतल्या भुंगेऱ्यांच्या अळ्यांवर वाढतात. म्हणजे तुमचा परागवाहक टिकवायचा तरी खर्च आधी जमिनीवरच करावा लागेल, आणि माझा क्रम मी तिथूनच सुरू करेन.